लिंडन हाउसचा हिरवा

"हा फोटो तुझ्याच घराचा ना, चंद्रा?"

मॅनेजर निमकर साहेबांनी मासिक माझ्याकडे फिरवून टेबलावर ठेवलं. मी हॉटेलच्या लिननरूममधून थेट आले होते, हातात धुतलेल्या अभ्र्यांची चळत होती. ती कुठे ठेवावी कळेना, म्हणून तशीच छातीशी धरून वाकून पाहिलं.

आमचंच घर होतं. खिडकीतली बैठक, तिच्यावरच्या उशा, समोरचा आरसा, कमरेपर्यंत हिरवी आणि वर दुधाळ पांढरी भिंत. फोटोच्या कडेला माझ्या सासूबाईंची पाठ आणि अंबाडा आला होता. त्या चकचकीत कागदावर आमचं घर इतकं देखणं दिसत होतं, की मला हसूच फुटलं.

"व्हय साहेब. आमच्या मालकांच्या टॅक्सीत मुंबईच्या एक बाई होत्या. पाणी प्यायला घरी आल्या नि फोटो काढून घेऊन गेल्या. छापून येईल म्हणाल्या होत्या, मला खरं वाटलं नव्हतं."

"खाली काय लिहिलंय ते कळतंय का? इंग्रजी आहे. लिंडन हाउसच्या जुन्या खोल्यांची हुबेहूब नक्कल, एका टॅक्सीवाल्याच्या दोन खोल्यांत." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सकाळी मुंबईहून हॉटेलच्या मालकांचा फोन आला. विचारत होते, आपल्या हॉटेलातलं सामान खाली वाडीत कसं पोचलं?"

"सामान? कुठलं सामान?"

"आरसा. पडदे. उशा. आणि रंग. स्टोअरमधला हिरव्या रंगाचा एक डबा सापडत नाहीये. हा रंग बाजारात मिळत नाही चंद्रा, कंपनी तो फक्त आपल्यासाठी वेगळा करून देते. मग तुझ्या भिंतीवर तो आला कुठून?"

"मी कालवला."

"तू कालवलास." ते हसले. मग ड्रॉवरमधून टाइप केलेला एक कागद काढून त्यांनी मासिकावर ठेवला. "वाचता येतं ना?"

मी सातवी पास होते. वाचता येत होतं. हॉटेलच्या मालकीच्या काही वस्तू आपण परवानगीवाचून घरी नेल्या, त्या परत करत आहोत, आपल्याला क्षमा करावी, असं त्यात लिहिलं होतं. खाली माझं पूर्ण नाव होतं. चंद्रभागा हणमंत ओंबळे. चौदा वर्षांत त्या हॉटेलात माझं पूर्ण नाव मी पहिल्यांदाच लिहिलेलं पाहत होते.

"सही केलीस की विषय इथंच मिटला. पोलिसांत जात नाही, नोकरीही राहील."

"आणि परत काय करू साहेब? जे नेलंच नाही ते?"

"एखादा आरसा नि दोन पडदे आणून दे. ती भिंत पांढरी करून टाक. मुंबईला मला काहीतरी कळवावं लागेल ना?" त्यांचा आवाज जरा उतरला. "शुक्रवारपर्यंत सांग."

निमकर साहेब मनानं वाईट नव्हते. नव्या मालकांनी हॉटेल घेतलं तेव्हा, दोनच वर्षांपूर्वी, ते आले होते आणि स्वतःच्या खुर्चीवर त्यांना अजून नीट बसता येत नव्हतं. पण ते मला आज कळतं. त्या दिवशी एवढंच कळलं, की माझ्या नावासमोर चोर लिहिलं होतं आणि खाली सहीपुरती जागा सोडली होती.

मी कागद तिथंच ठेवला आणि अभ्रे घेऊन परत आले. लिननरूममध्ये हौसा इस्त्री करत होती. आम्ही दोघी एकाच वाडीतल्या, रोज बरोबरच चढ चढून यायचो. तिनं सगळं ऐकून घेतलं, इस्त्री उभी केली आणि म्हणाली, "सही करून टाक बाई. आपल्या नावाला कोण इचारतंय?"

ही गोष्ट शहाण्णव सालातली. तेव्हा महाबळेश्वरात अजून गोऱ्या साहेबाच्या काळातली दोन-चार हॉटेलं जुन्या रूपात उभी होती. लिंडन हाउस त्यांतलंच. जांभ्या दगडाच्या भिंती, लांब व्हरांडा, उंच खिडक्या. लग्न होऊन वाडीत आले त्या वर्षी मी तिथं साफसफाईला लागले. एकच खोली चौदा वर्षं रोज पुसली, की ती चांगली का दिसते ते आपोआप कळायला लागतं. तिथला आरसा तोंड बघायला नव्हताच मुळी. तो खिडकीच्या बरोबर समोर होता, म्हणजे एका खिडकीचा उजेड दोन खिडक्यांइतका व्हायचा. भिंत खाली गडद, कारण खुर्च्या नि हात तिथंच घासतात. वर फिकी, म्हणजे धुक्याच्या दिवसांत खोली कोंदट वाटत नाही. तसबिरी बसलेल्या माणसाच्या नजरेला येतील अशा लावलेल्या. आपल्याकडे फोटो छताला टेकवतात आणि मग मान मोडून बघतात. कुणा मडमेनं इथल्याच झाडांची पानं वाळवून काचेखाली बसवली होती, ती शंभर वर्षांनीही तशीच होती.

आणि आमचं घर म्हणजे दोन अंधाऱ्या खोल्या. एकच खिडकी, तीही वर, हात पुरणार नाही अशी. पावसाळ्यात बाहेरून गवताचे झाप बांधले की आत दुपारीही दिवा लागायचा.

आदल्या वर्षी पाऊस सरल्यावर मी आमच्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, मागे लागून ती भिंत फोडून घेतली. वाईत एक जुना बंगला पाडत होते, तिथली खिडकी आणली. ती खोल बसवून खाली बैठक केली. बैठकीच्या पोटात गोधड्या ठेवायला पेटी. वाईतच एका न्हाव्याचं दुकान मोडलं, त्याचा तडकलेला आरसा घेतला, तडा गेलेला भाग वगळून तीन तुकडे कापून घेतले आणि मध्ये सागाच्या पट्ट्या घालून पुन्हा एक केला. सासऱ्यांची धोतरं पेटीत पडून होती, त्यांना चुण्या घालून पडदे केले. उशांत शेवरीचा कापूस भरला. आमच्या लेकीनं, उज्ज्वलानं, हिरडा, गेळा, पिसा, जांभूळ अशी पानं वहीत दाबून वाळवली, काचेत घातली आणि खाली आपल्या अक्षरात नावं लिहिली.

रंगानं मात्र रडवलं. हिरवा, पांढरा आणि थोडी पिवडी, म्हणजे पिवळी माती, कालवून पाहिली, तर पोपटी झाला. पुन्हा पाहिला, तो दवाखान्यातल्या भिंतीसारखा. तिसऱ्यांदा बिघडला तेव्हा मी वैतागून डबा झाकून ठेवला आणि लाकडांना गेले. संध्याकाळी येऊन ढवळते तर काय, रंग बरोबर जमलेला. तोच तो, गर्द झाडीच्या पोटात असतो तसा शांत हिरवा. मी म्हटलं, मुरला असेल.

भिंत रंगवून झाली नि वाडीतल्या बायका बघून गेल्या. कुणी छान म्हटलं, कुणी "साहेबाचा बंगला" म्हणून नाक मुरडलं. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, काहीच बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून रोज दुपारी त्या पाट घ्यायच्या आणि दाराकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसायच्या. आल्यागेल्याशीही बोलायच्या नाहीत. "सासू रुसलीय तुझी," शेजारणी म्हणायच्या. मलाही तसंच वाटायचं. पण मी विचारायला गेले नाही. बघू दे रुसून, म्हटलं. अशी मी हट्टी.

त्या संध्याकाळी मालक गाडी लावून आत आले, तेव्हा त्यांना सगळं आधीच कळलेलं होतं.

"सही करून टाक," पाय धुता धुताच ते म्हणाले.

"मग मी चोर ठरते."

"कागदावर ठरशील. घरात का कुणी तुला चोर म्हणणार हाय?"

"माणूस कागदावरच राहतंय मागं. उद्या पोरीला कुणी इचारलं, तुझी आई कामावरनं का गेली, तर?"

"सही केलीस तर जाणारच न्हाईस की!" ते ओल्या पायांनीच आत आले. "चंद्रे, माझी टॅक्सी त्यांच्या दारात लागते. ते म्हणले उद्यापासनं लावू नको, तर कुठं जाऊ? एक भिंत पांढरी केली तर काय बिघडलं? कशापायी एवढा हट्ट?"

मी भाकरी थापत होते. हात थांबवला. ही गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नव्हती, हौसालाही नाही.

"सात नंबरच्या खोलीत खिडकीत बसायची जागा हाय," मी म्हटलं. "मी कामाला लागले त्या वर्षी तिथं एक म्हातारी बाई उतरल्या होत्या. त्यांना ताप होता. म्हणल्या, बस गं जराशी, इथं खिडकीत बस, म्हणजे मला कुणीतरी दिसेल. मी बसले. आणि बसल्यावर खाली आपली वाडी दिसली. आपलं घर दिसलं, धूर दिसला, आत्याबाई अंगणात काहीतरी वाळत घालत होत्या तेही दिसलं. रोज काच पुसायची मी, पण उभ्यानं. उभ्यानं दिसत न्हाई ते. बसावं लागतं."

"मग?"

"मग तेव्हाच्या मुकादम बाई आल्या. त्यांनी मला उठवलं, त्या गादीचा अभ्रा काढायला लावला आणि धुवायला दिला. मी बसले होते म्हणून. आजारी बाई बिचाऱ्या सांगत होत्या, मीच बसवलं तिला. कोण ऐकतंय? तो अभ्रा मी माझ्या हातानं धुतला. बावीस वर्षांची होते मी."

 तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती मी उलटली.

"मला त्यांच्या हाटेलात बसायचं न्हाई," मी म्हटलं. "मला माझ्या घरात बसायचंय. तेवढ्यासाठी मी सही करणार न्हाई."

आत्याबाई पाटावर बसूनच होत्या, भिंतीकडे तोंड करून. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

शुक्रवारी मी निमकर साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले. चालत येताना मनाशी जुळवलेलं सगळं विसरून गेले आणि एवढंच म्हटलं, "साहेब, सही करणार नाही. तुम्ही माझ्या घरी या. पोलीस पाटलांना घेऊन या. मी एकेक वस्तू दाखवते, कुठून आणली ते सांगते. तुमची एक टाचणी जरी निघाली, तरी मी स्वतःच्या पायांनी चौकीत जाईन."

"आणि रंग?"

"तुमच्यादेखत कालवून दाखवते."

शब्द तोंडातून गेले आणि मग ध्यानात आलं. तो रंग कसा जमला होता, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास हॉटेलची जीप वाडीत आली. निमकर साहेब आणि बरोबर आमचे पोलीस पाटील तात्या सपकाळ. सगळी वाडी अंगणात जमली होती. हौसा मात्र मागे, गोठ्याच्या आडोशाला उभी होती. साहेबांना दिसली तर तिचंही नाव यायचं.

साहेब उंबऱ्याशी आले.

"साहेब, बूट बाहेर काढा," मी म्हटलं.

ते थबकले. तात्यांनी आपल्या चपला आधीच काढल्या होत्या. शेवटी साहेब ओट्यावर टेकले, वाकून नाड्या सोडल्या आणि मोज्यांनी आमच्या सारवलेल्या जमिनीवर आले. अंगणात कुणीतरी खुदकन हसलं.

मी आरसा भिंतीवरून काढून उलटा केला. मागच्या लाकडावर न्हाव्याच्या दुकानाचं नाव अजून अर्धं दिसत होतं. तात्यांनी ते मोठ्यानं वाचलं. पडद्यांची शिवण उसवून धोतराचा काठ दाखवला. उशी फाडली. शेवरीचा कापूस घरभर उडाला, साहेबांच्या कोटावर बसला. पानांच्या तसबिरी त्यांनी स्वतःच काढून पाहिल्या. उज्ज्वलाचं अक्षर वाचलं आणि पुन्हा खिळ्याला लावल्या, एक जरा तिरकी लागली ती सरळही केली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "आता रंग."

मी ओट्यावर सगळं मांडून ठेवलं होतं. हिरव्याचा डबा, पांढऱ्याचा डबा, पिवडी, जवसाचं तेल, एक फळकूट. बसले आणि कालवायला लागले. पहिल्यांदा पोपटी झाला. मी तेल घातलं, पुन्हा पांढरा घातला. फळकुटाला पट्टा ओढला आणि आत जाऊन भिंतीशेजारी धरून पाहिला. लहान पोरानंही सांगितलं असतं, की हे दोन रंग वेगळे आहेत. पुन्हा पिवडी घातली. माझ्या कपाळावरचा घाम डब्यात पडला.

"किती वेळ चालायचं हे, तात्या?" साहेबांनी घड्याळ पाहिलं.

 तात्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. ते हातातली काठी बघत राहिले. मालक दाराच्या चौकटीला धरून उभे होते. अंगणात कुजबूज सुरू झाली. मी ढवळत राहिले, कारण हात थांबवला तर मान वर करावी लागली असती.

"चंद्रा," साहेब हळू म्हणाले, "अजून वेळ गेलेली नाही. कागद माझ्या खिशात आहे."

"सही न्हाई करायची ती."

आवाज आत्याबाईंचा होता. त्या आतून आल्या, एका हातात कंदिलाची काच आणि दुसऱ्या हातात फडक्याची चिंधी. माझ्याशेजारी ओट्यावर मांडी घालून बसल्या. काचेतली काजळी त्यांनी चिंधीनं पुसून तळहातावर घेतली, तिच्यात दोन थेंब तेल टाकलं, बोटानं घोटून घोटून तिचं मलम केलं, आणि चिमूटभर डब्यात सोडलं.

"ढवळ आता. एकाच दिशेनं."

मी ढवळलं. पोपटी रंग बघता बघता खाली बसला, गडद झाला, शांत झाला. त्यांनी अजून एक बोट काजळी सोडली आणि म्हणाल्या, "बास."

मी फळकुटाला पट्टा ओढला, साहेबांच्या हातात दिला. त्यांनी तो आतल्या भिंतीला लावून धरला. खिडकीतून सरळ ऊन येत होतं. पट्टा कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते, ते सांगता येत नव्हतं.

मला तेव्हा उमगलं. रंग मुरलाबिरला नव्हता. मी लाकडांना गेले होते तेव्हा घरात एकट्या आत्याबाई होत्या.

"हे तुम्हाला कसं ठाऊक, आजी?" साहेबांचा आवाज बदलला होता.

"माझा बाप रामा मिस्त्री," आत्याबाई म्हणाल्या. त्या साहेबांकडे बघत नव्हत्या, हातावरची काजळी पुसत होत्या. "तुमच्या हाटेलाला रंग द्यायचा. तीस वर्सं. पाऊस सरला की दर साली. तवा डब्यातला रंग कुठं होता? सगळं हातानं घोटायचं. गोऱ्या बाईला झाडीसारखा रंग हवा होता, कुणाला जमंना. माझ्या बापानं जमवला. काजळी त्याची युक्ती. मी नऊ-दहा वर्सांची, त्याच्यासंगं बसून काजळी घोटायची. तुमची कंपनी आता डबं भरून देती म्हणता, तर तिला नमुना कुणी दिला? भिंतीचा ढलपाच नेला असंल की."

साहेबांनी फळकूट उन्हाकडे फिरवून पाहिलं.

"रंग दिऊन झाला की माझ्या बापाला मागल्या दारानं घालवून द्यायचं," आत्याबाई म्हणाल्या. "ओल्या रंगाला कुणाचा हात लागू नये म्हून दारं बंद. वाळला की पाव्हणं यायचं, मग तर कामकऱ्यानं आत जायचंच न्हाई. पुढल्या साली जायचा तवर भिंतींना पावसाची बुरशी धरलेली असायची. तीस वर्सं रंग दिला माझ्या बापानं, पर नीट वाळलेला रंग त्यानं कधी बघितला न्हाई. झाडूवाल्यांना इचारायचा, कसा दिसतोय रं वाळल्यावर? त्ये म्हणायचं, चांगला दिसतोय मिस्त्री. मरताना बी त्याच्या नखांत हिरवा व्हता."

त्यांनी आता पहिल्यांदा मान वर केली.

"मी रोज बघत बसते. त्याच्या वाटचं. आन् तुम्ही म्हणता, पांढरी करा."

साहेब फळकूट हातात धरून उभे होते. रंग ओला होता, त्यांच्या बोटांना लागला होता, तेही त्यांच्या ध्यानात नव्हतं. तात्यांनी घसा खाकरला.

"साहेब, मला पंचनामा लिहायचाय. काय लिहू?"

"लिहा," साहेब म्हणाले, "हॉटेलची कुठलीही वस्तू मिळाली नाही."

"मिळाली नाही असं नको," मी म्हटलं. मी उठून उभी राहिले होते.  "नेलीच नव्हती, असं लिहा. शोधून मिळाली नाही म्हटलं, तर लोक म्हणतील लपवली."

तात्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. तात्यांनी लिहिलं, मोठ्यानं वाचलं, साहेबांनी सही केली.

बूट घालताना ते खालच्या आवाजात मला म्हणाले, "चंद्रा, उद्यापासून ये कामावर. पण एक ऐक. मुंबईच्या मालकांना मी हे सगळं समजावू शकणार नाही. त्यांचं म्हणणं एकच आहे, गावात कुणाच्या घरात आपल्या हॉटेलची नक्कल दिसता कामा नये. तेवढी भिंत पांढरी कर. माफी नको, काही नको. मी तुझ्या नोकरीसाठीच सांगतोय."

ते खरंच माझ्यासाठी सांगत होते. म्हणूनच उत्तर द्यायला एक क्षण जास्त लागला.

"साहेब, भिंत राहील. मी येत नाही."

"विचार कर. चौदा वर्षं झालीत तुला."

"म्हणूनच."

मग साहेबांनी आमच्या मालकांकडे पाहिलं, बहुतेक नवरा म्हणून काही बोलतील या आशेनं. आमचे मालक चौकटीशीच होते. ज्यांनी चार दिवस मला सही कर, सही कर म्हणून भंडावलं होतं, ते पुढे आले, ओट्यावरचा रंगाचा डबा उचलला आणि त्याचं झाकण हाताच्या बुक्कीनं घट्ट बसवलं.

"गाडी उद्यापासनं बाजारात लावतो साहेब," ते म्हणाले. "तिथं बी पाव्हणं असतात."

जीप गेली. लोक पांगले. आत्याबाई उठल्या, हात धुतले आणि मला म्हणाल्या, "उशी शिवून टाक, कापूस उडतुय समदा." मग पाट घेऊन आपल्या जागी जाऊन बसल्या. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. बराच वेळ आम्ही दोघी नुसत्या भिंतीकडे बघत होतो. सून होऊन चौदा वर्षं झाली होती, पण त्यांच्या शेजारी अशी रिकाम्या हातांनी मी कधी बसले नव्हते.

पुढचे महिने सोपे गेले, असं कुणाला वाटू नये. बाजारातल्या स्टँडवर आधीच गाड्यांची रांग असायची, मालकांना दुपारपर्यंत भाडं मिळायचं नाही. मी स्ट्रॉबेरीच्या मळ्यांत रोजावर गेले. वाडीतले काही लोक म्हणायचे, एका भिंतीसाठी लक्ष्मी लाथाडली. मी त्यांना उत्तर दिलं नाही. रात्री कधी कधी वाटायचं, खरंच चुकलं की काय. पण सकाळी उठून खिडकीत चहा घेऊन बसलं, की वाटायचं बंद व्हायचं.

मार्च उजाडला तेव्हा एका सकाळी हौसा आली. रविवार नव्हता, तरी ती कामावर गेली नव्हती. दारात उभी राहून पदर चाचपत होती.

"ये की आत," मी म्हटलं.

"मला बी भिंत फोडायची हाय," ती घाईघाईनं म्हणाली. "खिडकी मोठी करायची. बसायला जागा करायची. तू करून देशील का?"

"हाटेलात कळलं तर?"

"कळलंय. कालच मी बोलले हिकडं तिकडं, तर साहेबांनी मला बोलावून इचारलं." ती हसली. घाबरलेली होती, तरी हसली. "म्या म्हणलं, व्हय, करणार हाय. भिंत माझ्या घरची हाय."

मी तिला खिडकीत बसवलं, चहा दिला. ती आधी टोकाला बसली, मग मागे सरकली, मग पाय वर घेऊन बसली. मी मापासाठी सुतळी आणि खडू घेतला, आणि आम्ही दोघी निघालो.

मे संपायच्या आत वाडीतल्या अकरा घरांच्या खिडक्या मोठ्या झाल्या. प्रत्येकीशी माझी भांडणं झाली, कारण आरसा कुठे लावायचा ते मी सांगायची आणि त्या ऐकायच्या नाहीत. रंग मात्र ज्यानं त्यानं आपल्या मनाचा घेतला. आमच्या घरचा हिरवा एकीनंही मागितला नाही. हौसानं भिंतीला खालून गडद जांभळा दिला, अंजनीच्या फुलासारखा. लिंडन हाउसमध्ये शंभर वर्षांत असा रंग लावायची कुणाची हिंमत झाली नसती. भिंत वाळेपर्यंत ती समोर बसून राहिली होती, आणि कुणी आत येऊ लागलं की ओरडायची, "थांबा तिथंच! आधी मला बघू द्या!"